१९११ साली टीटी डोंगरावर नेली, ते बरोबर होतं का?

जुनी_चाकं (धागालेखक)
आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटीचा, म्हणजे टूरिस्ट ट्रॉफी या मोटारसायकल शर्यतीचा विषय निघाला की गाडी लगेच आजच्या वेगावर आणि अपघातांवर येते. मला बोलायचंय ते तिच्या पहिल्या काही वर्षांबद्दल, १९०७ ते १९१४.

ब्रिटनमध्ये तेव्हा वेगमर्यादा होती ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर. सार्वजनिक रस्ता बंद करून शर्यत घेणं तिथे शक्यच नव्हतं. मॅन बेटाची संसद वेगळी, तिचं नाव टिनवॉल्ड. तिने १९०४ मध्ये मोटारींच्या शर्यतीसाठी रस्ते बंद करायचा कायदा केला. मागोमाग मोटारसायकलवालेही बेटावर आले. २८ मे १९०७ ला पहिली टीटी झाली. सेंट जॉन्स गावातून सुटणारी जवळपास १६ मैलांची फेरी, अशा १० फेऱ्या, २५ स्पर्धक. एक सिलिंडरच्या गटात चार्ली कॉलियर मॅचलेसवर पहिला आला, सरासरी ताशी ३८.२१ मैल. दोन सिलिंडरच्या गटात रेम फाउलर, नॉर्टनवर.

बहुतेक गाड्यांना गिअरच नव्हते. इंजिनची ताकद पट्ट्याने थेट मागच्या चाकाला जायची. चढ आला की पेडल मारा, नाहीतर उतरून पळत ढकला. गाड्या चढाला टिकायच्या असतील तर गिअर हवेत, म्हणून आयोजकांनी १९११ मध्ये शर्यत साडेसदतीस मैलांच्या डोंगरी मार्गावर नेली. डग्लसहून सुटायचं, रॅम्झीपासून स्नेफेल डोंगराच्या अंगाने वर चढायचं आणि पुन्हा डग्लसला उतरायचं. त्या वर्षी सीनियर, म्हणजे मोठ्या इंजिनांच्या शर्यतीत पहिले तीनही नंबर 'इंडियन' नावाच्या कंपनीच्या गाड्यांनी घेतले: गॉडफ्री, फ्रँकलिन, मूरहाउस. त्या गाड्यांना दोन गिअर होते आणि पट्ट्याऐवजी चेन. मोटारसायकलला गिअर या डोंगराने दिले, असं माझं स्पष्ट मत आहे. तो निर्णय बरोबरच होता.

घाटवाट
तुमचा लेख आवडला, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही. इंडियन ही अमेरिकेची कंपनी. तिचे गिअर आणि चेन तिच्या स्वतःच्या कारखान्यात तयार झाले, स्नेफेलच्या चढावर नव्हे. डोंगराने फक्त निकाल जाहीर केला.

आणि १९११ सांगताना २७ जून कसा विसरलात? व्हिक्टर सरिज हा तरुण रज गाडीवर सराव करताना ग्लेन हेलनजवळ गेला. टीटीच्या मार्गावरचा तो पहिला मृत्यू. १९०७ ते १९१० अशी चार वर्षं जुन्या मार्गावर कोणी मेलं नव्हतं. नवीन मार्गावर मुख्य शर्यत सुरू व्हायच्या आधीच एक जीव गेला. इंग्लंडमधला ब्रुकलँड्सचा बंदिस्त ट्रॅक १९०७ पासून होता, चढाच्या वेगळ्या स्पर्धा होत्या. गिअर तपासायला ते पुरेसं होतं.

लिटरला_किती
मला दोघांचंही पटत नाही. खरी टीटी १९०७ चीच होती. नावातच 'टूरिस्ट' आहे. रोज वापरायच्या गाड्यांची परीक्षा, म्हणून मडगार्ड, सायलेन्सर, सीट, हत्यारांची पिशवी हे सगळं सक्तीचं. पेट्रोलसुद्धा मोजून! एक सिलिंडरवाल्याला ९० मैलांमागे एक गॅलन, म्हणजे लिटरला ३२ किलोमीटर काढल्याशिवाय शेवटपर्यंत पोचणंच अशक्य. आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, 'किती देते?' त्या शर्यतीचा पहिला प्रश्न तोच होता. अर्ध्यावर दहा मिनिटांची सक्तीची विश्रांतीसुद्धा होती.

मी चाकणला बनलेली ट्रायम्फ चालवतो, म्हणून ट्रायम्फवरच्या जॅक मार्शलबद्दल जास्त आपुलकी. १९०७ मध्ये तो कॉलियरच्या मागे दुसरा आला. कॉलियरच्या गाडीला पेडल होतं, त्यावर ट्रायम्फवाल्यांचा आक्षेप. १९०८ मध्ये पेडलवर बंदी आली आणि मार्शल जिंकला. नियम बदलून गाडी सुधारता येते, त्यासाठी डोंगर लागत नाही. पण १९०९ मध्ये पेट्रोलची मर्यादा काढली आणि त्याच दिवशी ती निव्वळ वेगाची शर्यत झाली. माझ्या मते चूक १९११ ची नाही, १९०९ ची.

जुनी_चाकं
लिटरला_किती, पेट्रोलचा मुद्दा सुरेख. पण मर्यादा असताना गाडी हळू आणि जपून चालवणं हेच कौशल्य उरतं, इंजिन पुढे जात नाही.

घाटवाट, इंडियनचे गिअर अमेरिकेत झाले, हे मान्य. पण इंग्लंडच्या कारखान्यांना जाग आली ती त्या तीन नंबरांमुळे. १९१२ आणि १९१३ ची सीनियर स्कॉट गाडीने जिंकली, तीही चेन आणि दोन गिअरवाली.

घाटवाट
आणि १९१४ ची? ती सिरिल पुलिनने रज मल्टीवर जिंकली. ती गाडी पट्ट्यावर चालायची!

जुनी_चाकं
पट्टा होता, पण पुलीचा व्यास बदलून चालत्या गाडीत गिअर बदलता यायचे, भरपूर. नावातलं 'मल्टी' त्याचंच. पट्टा टिकला, बिनगिअरची गाडी मात्र टिकली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

तीन_मुलांची_आई
मी एरवी फक्त वाचते. माझा थोरला गाडीवर घाटात जातो आणि तो परत येईपर्यंत मला झोप लागत नाही, म्हणून लिहितेय.

गिअरचा वाद तुम्ही घाला. मला वेगळंच खटकतं. हेल्मेट सक्तीचं झालं १९१४ मध्ये, ब्रुकलँड्सच्या डॉक्टर गार्डनर यांनी पाठपुरावा केला तेव्हा. तोवर सरिज गेला होता, १९१३ मध्ये फ्रँक बेटमन गेला होता. आणि सराव? तो पहाटे व्हायचा, पण रस्ता सगळ्यांना खुला. १९२७ मध्ये आर्ची बर्किन हा स्पर्धक कर्क मायकेल गावाजवळ मासळीच्या गाडीला चुकवताना मेला. मग कुठे १९२८ पासून सरावासाठी रस्ते बंद झाले. शर्यतीसाठी रस्ता बंद करायचा कायदा १९०४ पासून हाताशी असताना! डोंगर निवडला याचा मला राग नाही. डोंगर निवडल्यावर पहिल्या सकाळपासून रस्ता का बंद केला नाही, याचा आहे.

जुनी_चाकं
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. मी लेखात शर्यतीचे निकाल मांडले, सरावाचा विचारच केला नाही. सरिजही सरावातच गेला, हे तुमचं वाचल्यावर नीट ध्यानात आलं. चढाची निवड बरोबर होती, या मतावर मी अजून आहे. पण 'तो निर्णय बरोबरच होता' या वाक्यातला 'च' मी मागे घेतो.

घाटवाट
मी अजूनही विरोधातच. पण ताईंचा प्रतिसाद धाग्याच्या वर जोडा, नवीन वाचणाऱ्याला आधी तो दिसू दे.