घड्याळाची तडकलेली काच घरच्या घरी बदलता येईल का?

जुनी_चावी:
वडिलांचे चावीचे मनगटी घड्याळ गेल्या आठवड्यात माझ्या हातून फरशीवर पडले. ते चालू आहे आणि वेळही बरोबर दाखवते, पण काचेला बारापासून चारपर्यंत आडवा तडा गेला असून कडेचा मोहरीएवढा तुकडा निघाला आहे. सेलवरच्या घड्याळाचे मागचे झाकण उघडून सेल बदलणे मला जमते. त्यापलीकडे काही अनुभव नाही. नवी काच कोणत्या मापाची घ्यावी आणि ती दाबून बसते की चिकटवावी लागते, हे जाणकारांनी कृपया सांगावे. इन्स्टंट ग्लू चालेल का?

काटेकोर:
आधी घड्याळाला चावी देणे थांबवा. काचेचा कण डायलवर पडला की काटे तो फरफटवत नेतात, आणि काट्यांच्या मधल्या छिद्रातून तो मशीनमध्ये उतरला तर काच बदलण्याचे काम सर्व्हिसिंगवर जाऊन पोहोचते.

दुसरे, निघालेला तुकडा टाकून दिला नसेल तर त्यावर सुईने ओरखडा काढून पाहा. सहज ओरखडा उठला तर ती ॲक्रिलिकची, म्हणजे प्लॅस्टिकची काच आहे. सुई नुसतीच घसरली तर खरी काच आहे. जुन्या चावीच्या घड्याळांत बहुतेक वेळा ॲक्रिलिकच असते, आणि न फुटता लांब तडा जाणे हेही तिचेच लक्षण. हे कळल्याशिवाय काहीही मागवू नका, कारण दोन्हींची बसवण्याची रीत वेगळी आहे. ॲक्रिलिक थोडी दबते, म्हणून ती काच बसण्याच्या खाचेपेक्षा किंचित मोठी घेऊन ताणाने बसवतात. खरी काच दबत नाही. ती प्लॅस्टिकच्या पातळ गास्केटमध्ये, म्हणजे काचेभोवतीच्या कड्यात, प्रेसने (सरळ दाब देणाऱ्या छोट्या यंत्राने) बसवतात किंवा चिकटवतात.

सावकाश_चला:
इन्स्टंट ग्लू अजिबात वापरू नका. तो सुकताना निघणारी वाफ काचेच्या आतल्या बाजूवर आणि डायलवर पांढुरक्या थराच्या रूपात बसते. काचेवरचा थर एक वेळ पुसता येईल, पण डायलवरचा पुसायला गेलात तर छपाईच निघून येईल. चिकटवण्याची काच असेल तर अतिनील प्रकाशात घट्ट होणारा गोंद मिळतो, आणि त्याला ऊनही पुरते. ॲक्रिलिकला मात्र गोंद सहसा लागतच नाही.

एक सूचना, जी फारशी कोणी देत नाही. डायलवरचे आकडे किंवा काटे अंधारात चमकणाऱ्या लेपाचे असतील आणि घड्याळ खूप जुने असेल, तर त्यावर तोंडाने फुंकर मारू नका आणि लेप खरवडू नका. १९६०च्या दशकापर्यंत अशा लेपात रेडियम वापरले जात असे. चमक केव्हाच विझलेली असली तरी रेडियम तसेच राहते, आणि त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक आहे.

जुनी_चावी:
दोघांचेही आभार. ओरखडा सहज उठला, म्हणजे ॲक्रिलिक. तिच्या आतल्या कडेला पिवळ्या धातूची बारीक रिंगही दिसते. आकडे साध्या रंगाचे आहेत. मशीन बाहेर न काढता काच बदलता येईल का?

काटेकोर:
रिंग असलेली काच प्रेसनेच बसवावी लागते आणि त्या दाबाखाली मशीन आत असू नये. मागचे झाकण उघडून पाहिले तर चावीच्या दांड्याजवळ एक छोटा स्क्रू दिसेल. तो फार तर एक फेरा सैल करून चावी हलकेच ओढा. हा स्क्रू पूर्ण काढला तर आतला लिव्हर निखळतो, चावी पुन्हा बसत नाही आणि डायल उतरवण्याची वेळ येते. माझ्या पहिल्या घड्याळाचे नेमके हेच झाले होते. काही मॉडेलांत स्क्रूऐवजी दाबायचे टोक असते. मागे झाकणच नसेल तर ते घड्याळ समोरून उघडणारे आहे. तसे असल्यास मला इथेच विचारा, पुढे जाऊ नका.

मशीन डायलसकट बाहेर आले की ते एखाद्या वाटीखाली झाकून ठेवा. घड्याळाच्या रिकाम्या केसमधून, म्हणजे बाहेरच्या कवचातून, जुनी काच अंगठ्याने आतून दाबली की निघते. मग काचेची खाच व्हर्नियर कॅलिपरने तीन ठिकाणी मोजा.

जुनी_चावी:
काच निघाली. मापे २९.४, २९.४ आणि २९.६ मिलिमीटर आली. यातले कोणते धरावे?

सावकाश_चला:
कोणतेच नको. खाचेत वर्षानुवर्षांचा घाम आणि धूळ घट्ट होऊन बसलेली असते. लाकडी टूथपिकने ती गोल फिरत कोरून काढा आणि पुन्हा मोजा. त्यानंतरही फरक राहिला तर पडल्यामुळे कड वाकली आहे, आणि तेथे नवी काचही तडकेल.

जुनी_चावी:
टूथपिकला काळा, मेणासारखा मळ लागला. आता तिन्ही ठिकाणी २९.६ येते आहे.

काटेकोर:
म्हणजे २९.४ हे मळाचे माप होते. रिंगवाली काच खाचेपेक्षा साधारण एक दशांश मिलिमीटर मोठी घेतात, तेव्हा २९.७ मागवा, उंची मात्र जुन्या काचेइतकीच हवी, नाहीतर सेकंदकाटा तिला घासेल. प्रेसची वरची डाय, म्हणजे काचेवर दाब देणारा गोल ठोकळा, काचेच्या घुमटाला न टेकता फक्त कडेवर टेकेल अशी निवडा. सरळ दाब पडला तर काच बसताना टक् असा आवाज येतो. वाकडी बसली तर जोर वाढवू नका. काढून पुन्हा सुरुवात करा.

सावकाश_चला:
मशीन आत घालण्यापूर्वी डायलवर टॉर्च तिरका धरून पाहा. समोरून न दिसणारा एखादा बारीक केसही तिरक्या उजेडात दिसतो, आणि झाकण लावल्यावर दिसला तर सगळे पुन्हा उघडावे लागते. काम झाल्यावर घड्याळाला पाणी लागू देऊ नका.