सिस्टीमनं नाही म्हटलं की विषय संपला? एआयसाठी वेगळा कायदा हवा की नको

कृष्णाकाठ
माझ्या धाकट्या बहिणीनं गेल्या वर्षी शिलाईची दोन मशीनं घ्यायला एका अ‍ॅपवर कर्जाचा अर्ज केला. आधीचं सोनंतारण वेळेत फेडलेलं, सिबिल चांगला, बचत गटाचा हप्ता एकदाही चुकला नाही. चार मिनिटांत नकार. फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणते, ताई सिस्टीमनं रिजेक्ट केलंय, कारण आम्हालाही दिसत नाही. मग दाद मागायची कुणाकडं?
५ नोव्हेंबर २०२५ ला केंद्रानं एआयची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात म्हटलंय की सध्या वेगळ्या कायद्याची गरज नाही, आहेत ते कायदे पुरतात. मला हे पटत नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा बघा, माझी कुठली माहिती तुमच्याकडं आहे ते विचारायची, चुकलेली दुरुस्त करून घ्यायची तरतूद त्यात आहे, पण मशीननं माझ्याबद्दल जो निर्णय घेतला त्याचं कारण मागायचा हक्क त्यात नाहीच. कर्ज, नोकरी, विमा, रेशन एवढ्या चार ठिकाणी तरी कारण लेखी मिळावं आणि मागितलं तर माणसानं फाईल परत बघावी, एवढाच कायदा करा. बाकी एआयला हात लावू नका.

डाळिंबवाला
ताईंच्या बाबतीत झालं ते वाईटच, पण नवा कायदा हा उपाय नाही. आम्ही पुण्यात पाच जण मिळून एक अ‍ॅप करतोय, डाळिंबाच्या पानाचा फोटो टाकला की तेल्या रोग आहे का ते सांगणारं, सांगोल्याकडचे शेतकरी वापरतात. १ मार्च २०२४ ला केंद्राच्या आयटी मंत्रालयाची अ‍ॅडव्हायजरी आली की पुरेशी चाचणी न झालेलं एआय मॉडेल लोकांसमोर आणायला सरकारची परवानगी घ्या. पुरेशी म्हणजे किती, कुणालाच माहीत नाही. मंत्र्यांनी नंतर ट्वीट करून सांगितलं स्टार्टअपला लागू नाही, १५ मार्चला परवानगीची अटच काढली, पण तेवढ्या दोन आठवड्यांत आमचं काम बंद होतं कारण पैसे लावणारा म्हणाला आधी चित्र स्पष्ट होऊ द्या. मोठ्या कंपन्यांकडं वकिलांची फौज असते, आमच्याकडं एक सीए आहे तोही अर्धवेळ.
आणि बँकांनी कर्ज नाकारलं तर मुख्य कारण लेखी द्यायचं हे आरबीआयच्या फेअर प्रॅक्टिसेस कोडमध्ये, म्हणजे कर्जदाराशी कसं वागायचं त्या नियमांत, २००३ पासून आहे, आधी छोट्या कर्जांना आणि नंतर सगळ्याच. म्हणजे नियम आहे, पाळला जात नाही. न पाळलेल्या नियमावर अजून एक नियम चढवून काय मिळणार?

कृष्णाकाठ
दादा तो कोड बँकांसाठीचा, अ‍ॅपमागं बँक नव्हती, फायनान्स कंपनी होती. तरी आम्ही पत्र टाकलंच, उत्तर आलं 'अंतर्गत धोरणानुसार'. हे कारण झालं का? तुमच्या अ‍ॅपनं तेल्या चुकीचा ओळखला तर शेतकरी दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला, कृषी सहायकाला पान दाखवेल. माझी बहीण कुणाला काय दाखवणार?

वाळवंटातलं_पाणी
तेलंगणातल्या समग्र वेदिकाबद्दल इथं कुणी बोलत नाही म्हणून लिहितेय. सरकारच्या वेगवेगळ्या खात्यांचा डेटा जुळवून अपात्र लोक शोधणारी सिस्टीम. एका विधवा बाईला रेशन मिळेना कारण नवऱ्याच्या नावावर कार आहे असं सिस्टीमनं ठरवलेलं, कारवाला माणूस दुसराच होता, नावं जवळपास सारखी होती एवढंच. रद्द झालेल्या कार्डांची घरोघर जाऊन फेरतपासणी करा असा आदेश २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला द्यावा लागला. इथं ना स्टार्टअप होता ना गुंतवणूकदार, त्यामुळं इनोव्हेशन अडेल हा मुद्दा इथं येतच नाही. कायदा आधी सरकारला लावा, कारण कर्ज दुसरीकडं मिळेल पण रेशनकार्ड देणारं दुसरं दुकान नसतं.

उट्रेख्तकर
मी नेदरलँड्समध्ये राहतो, इथं बालसंगोपन अनुदानात हेच झालं. टॅक्स खात्याचा अल्गोरिदम संशयित ठरवायचा, दुहेरी नागरिकत्व असलेल्यांकडं जास्त बोट. वीस हजारांवर कुटुंबांवर फसवणुकीचा खोटा ठपका, लोकांची घरं गेली, जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या सरकारनं राजीनामा दिला. पण एक सांगतो, दोष एकट्या मशीनचा नव्हता, माणूसही फाईल बघत होता, त्यानं मशीनच्या शिक्क्यावर विश्वास ठेवला. तेव्हा माणसानं बघावं एवढं लिहून भागत नाही, बघणाऱ्याला निर्णय फिरवायचा अधिकार आणि वेळ दोन्ही पाहिजे.

डाळिंबवाला
युरोपचंच घ्या मग. युरोपियन युनियनचा एआय कायदा ऑगस्ट २०२४ ला अमलात आला, दंड साडेतीन कोटी युरो किंवा उलाढालीच्या सात टक्क्यांपर्यंत, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्याच आयोगानं जास्त जोखमीच्या सिस्टीमचे नियम पुढं ढकलायचा प्रस्ताव आणला. त्यांनाच झेपेना आणि आपण तीच वाट धरायची?
पण वेदिकाचं वाचून सरकारी वापराबद्दल माझं मत बदललं, ते मान्य करतो. तिथं कायदा पाहिजेच. कृष्णाकाठ ताई म्हणतात तसं चार ठिकाणांपुरतं लिहिलं आणि पीक, भाषांतर, शिकवणी अशा कामाच्या अ‍ॅपना स्पष्ट शब्दांत वगळलं तर माझा विरोध बराच कमी होईल. स्पष्ट शब्दांत म्हणजे कायद्यातच, नंतरच्या ट्वीटमध्ये नाही.

कृष्णाकाठ
चालेल, वगळा. पण पीक विम्याची भरपाई फोटो बघून ठरवणारं अ‍ॅप कुठल्या बाजूला धरायचं? उद्या तुमच्याच अ‍ॅपचा निकाल विमा कंपनीनं वापरला तर?

डाळिंबवाला
याचा आम्ही विचारच केला नव्हता. विम्याला वापरला तर तुमच्या यादीत यायला पाहिजे, हे कबूल. फक्त कारण द्यायची जबाबदारी कंपनीवर टाका, आमच्यावर नको.

वाळवंटातलं_पाणी
आणि मॉडेल तुमचं, त्यात काय चाललंय ते कंपनीला कसं कळणार? ती म्हणेल सिस्टीमनं रिजेक्ट केलं.