जावा १७ टाकलं, तरी तीच चूक?

जावा (काही प्रोग्राम चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) १७ टाकूनही ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ची चूक जात नाही, असं तुम्ही म्हणताय. पुन्हा काढघाल करण्याआधी ती चूक दाखवणाऱ्या ओळीतले आकडे वाचा. ६१ म्हणजे प्रोग्राम जावा १७ साठी बांधलाय, ५२ म्हणजे मशीन अजून जावा ८ च चालवतंय. (आकड्यातून ४४ वजा करायचे, झालं.)

म्हणजे नवं जावा आलंय, पण हाक मारली की जुनंच ‘ओ’ देतंय. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘व्हेअर जावा’ टाइप करा, अर्थात इंग्रजीत; जावा कुठकुठे सापडतं ते दिसेल. माझ्याकडे दोन ओळी आल्या, पहिली जुन्या ‘जावापाथ’ फोल्डरची. पाथमध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्राम ज्या फोल्डरांत शोधतं त्यांच्या यादीत, जे आधी, तेच चालतं. सिस्टिमच्या पाथमध्ये १७ चं ‘बिन’ फोल्डर (जावा चालवणारी फाइल यातच असते) सगळ्यात वर नेलं आणि काम झालं. फक्त ती खिडकी बंद करून नवी उघडा; उघड्या खिडकीला बदल कळत नाही. माझा अर्धा तास यातच गेला.

जार फाइल (जावाच्या प्रोग्रामची फाइल) डबल-क्लिक करून उघडत असाल तर मात्र पाथकडे कुणी बघतच नाही. तिथे ‘ओपन विथ’मध्ये जुनं जावा चिकटलेलं असतं, ते बदला. आणि जावा ८ घाईने उडवू नका, एखादं जुनं सॉफ्टवेअर त्यावरच चालत असेल.