थायमस नसताना टी सेल्स बनतात कुठे? मदत हवी आहे

मंडळी, एमएस्सीच्या सेमिनारला हा टॉपिक हौसेने घेतला आणि आता पार गोंधळलेय. न्यूड (म्हणजे केस नसलेल्या) उंदरांत फॉक्सएन१ जीन बिघडलेला असतो म्हणून थायमस (छातीतला, टी सेल्स तयार करणारा अवयव) नीट बनतच नाही, तरी त्यांच्या आतड्याच्या अस्तरात थोड्या टी सेल्स (रोगांशी लढणाऱ्या पेशी) सापडतातच, मग त्या येतात कुठून? १९९६ मध्ये जपानी ग्रुपने उंदराच्या आतड्यात क्रिप्टोपॅचेस (अपक्व रोगप्रतिकारक पेशींचे छोटे पुंजके) दाखवले तेव्हा वाटलं हीच ती जागा, पण २००४ च्या फेट मॅपिंगमध्ये (पेशींवर खूण करून त्यांचा माग काढण्याची पद्धत) निघालं की नॉर्मल उंदरात आतड्यातल्या अल्फा-बीटा टी सेल्स (टी सेल्सचा नेहमीचा प्रकार) थायमसमधूनच येतात (मॅडमनी नेमकं हेच विचारलं तर संपलंच). म्हणजे थायमस नसेल तरच दुसरा रस्ता उघडतो असं समजू का? आणि तिथे निगेटिव्ह सिलेक्शन (स्वतःच्याच शरीरावर हल्ला करू शकणाऱ्या टी सेल्स काढून टाकणं) कोण करतं? कुणीतरी सोप्या भाषेत सांगा ना, सोमवारी प्रेझेंटेशन आहे.