घरात एक, दारात दुसरी: तुमच्या दोन भाषांचे किस्से सांगा

लेकीच्या बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "घरी एकच भाषा ठेवा, मूल गोंधळतं." मी बडोद्याची. घरात मराठी, दारातल्या ओट्यावर गुजराती. गोंधळ एवढाच, की पाढे अजून मनात गुजरातीतच येतात. तुमचं काय झालं ते लिहा.

बेळगावकर: आमचं शहापुरात कापडाचं दुकान. बाबा गल्ल्यावर फाडफाड कन्नड बोलायचे, पण घरात एक शब्द निघाला की आजोबांच्या कपाळाला आठी. 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं ते त्यांनी कधीच पचवलं नाही. त्यांच्या रागाला मी जागलो आणि शाळेत कन्नडमध्ये मुद्दाम काठावर पास झालो. आज गिऱ्हाइकाशी अडखळतो, तेव्हा तोटा माझाच होतो. गंमत अशी, की आजोबांना अख्खं घर 'अण्णा' म्हणायचं. हा शब्द कन्नडमधून आलाय, असं एकदा धीर करून सांगितलं. म्हणाले, "त्यांनीच नेला असेल आपल्याकडून!"

कोल्हापूरचा जावई: माझी सासुरवाडी धारवाड. पहिल्याच भेटीत पानावर बसलो तर सासूबाई म्हणाल्या, "ऊटा माडि." मी उठलो. त्यांनी पुन्हा म्हटलं, मी चप्पल शोधायला लागलो. ऊटा म्हणजे जेवण, हे बायकोनं हसणं आवरल्यावर सांगितलं. त्या दिवसापासून कन्नड शिकतोय. सासूबाईंचं मराठी माझ्या कन्नडच्या पुढे गेलंय, हे वेगळं.

इंदूरची: हिंदी शाळा. प्रगतिपुस्तकात शेरा होता, 'अच्छी चेष्टा'. नागपूरहून आलेल्या आत्यानं वाचलं आणि मला झापलं, "बाईंची चेष्टा करतेस?" हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे तिला पटेपर्यंत चहा निवला.

वेंगुर्ल्याची, सध्या म्युनिक: मुलगा सात वर्षांचा. घरी मराठी, शाळेत जर्मन. जर्मनमध्ये 'मेडशेन' म्हणजे मुलगी, पण शब्द नपुंसकलिंगी. "मुलगी 'ते' कशी?" म्हणून तो रुसला. मी व्हिडिओ कॉलवर आईला विचारलं. मालवणीत 'चेडू' म्हणजे मुलगी, तेही नपुंसकलिंगीच. झील (मुलगा) इलो, बायल (बाई) इली, पण चेडू इला. आई म्हणाली, "मगे? तेंचा आमच्यासारख्याच हा!" आता तो आजीशी मालवणी बोलतो, माझ्याशी बोलत नाही.