मदत हवी आहे: दहावी घरूनच द्यायची आहे, पुढे कृषी पदवीचा रस्ता बंद तर होणार नाही ना?

पऱ्हाटी:

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते, वय सोळा. गावात शाळा सातवीपर्यंतच. आठवी-नववी तालुक्याला एसटीनं जाऊन-येऊन केली. नववीचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात आईच्या कंबरेचं ऑपरेशन झालं आणि दुपारची एसटीही बंद झाली. संध्याकाळची गाडी फाट्यावर सोडते, तिथून तीन किलोमीटर अंधारात पायी. बाबा म्हणाले, "एक साल थांब मायं." त्या एका सालाचं दीड साल झालं.

शिकणं मात्र थांबवलं नाही. ई-बालभारतीवरून दहावीची पुस्तकं उतरवून घेतली. नेटवर्क फक्त विहिरीजवळच्या निंबाखाली येतं, विज्ञानाच्या दोन भागांना दोन संध्याकाळी लागल्या. सकाळचा स्वयंपाक, आईचं सगळं, दिवाळीनंतर कापसाची वेचणी, आणि रात्री अभ्यास. बीजगणितात वर्गसमीकरणं झाली. 'अर्थनियोजन'मध्ये शेअरचे भाव आहेत, कापसाचे नाहीत, असो! भिंगांचा धडा वाचून बाबांच्या जुन्या चष्म्याची काच भिंतीसमोर धरली. दारातून दिसणाऱ्या लांबच्या झाडाची उलटी प्रतिमा स्वच्छ उमटली तेव्हा काच भिंतीपासून अंदाजे पन्नास सेंटिमीटरवर होती. म्हणजे शक्ती एक भागिले अर्धा मीटर, दोन. बाबांचा नंबर दोनच आहे. त्या दिवशी मला झोप लागली नाही.

मला अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात बी.एस्सी. कृषी करायचं आहे. पण गावात प्रत्येकाचं वेगळं. कोणी म्हणतं सतरा नंबरचा फॉर्म भर, कोणी म्हणतं मुक्त विद्यालय, काकू म्हणतात दोन्ही फसवे. जुन्या शाळेत दाखला मागायला गेले तर बाबू म्हणाला, "घरी बसून पोट्टी शिकते काय?" आणि पुढच्या आठवड्यात ये म्हणाला. असे तीन पुढचे आठवडे झाले. कोणता मार्ग घेऊ, म्हणजे पुढे कोणी अडवणार नाही?

निवृत्त_मास्तर:

पोरी, आधी काकूंना सांग, दोन्ही खरे आहेत. सतरा नंबर म्हणजे राज्य मंडळाचीच दहावी, फक्त खाजगी विद्यार्थी म्हणून. फॉर्म ऑनलाइन, परीक्षेच्या आदल्या वर्षीच भरावा लागतो, आणि मूळ दाखला संपर्क केंद्राच्या शाळेत जमा करावा लागतो. म्हणून दाखला सोडू नकोस. तोंडी मागू नकोस, लेखी अर्ज दे, दुसऱ्या प्रतीवर पोच घे. पोचेचा शिक्का मागितला की चौथा आठवडा येत नाही, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. तोच दाखला पुढे जातीच्या प्रमाणपत्राला आणि पडताळणीलाही लागेल, झेरॉक्स काढून ठेव.

निंबोळी_बुलढाणा:

मी एनआयओएसमधून, म्हणजे त्या मुक्त विद्यालयातूनच दहावी केली, म्हणून तेवढंच सांगते. दहावीच्या प्रवेशाला वय चौदा पूर्ण लागतं. आठवीचा कागद नसेल तर 'मी पुरेसं शिकले आहे' असं स्वयंघोषणापत्र चालतं. म्हणजे बाबूच्या शाळेवाचून गाडी अडत नाही. निदान पाच विषय, त्यात एक भाषा. दहावीचं माध्यम मराठी घेता येतं. गृहपाठासारख्या टीएमए असतात, त्यांना २० टक्के वजन. त्या लिहून पाठवायला आळस करू नकोस, मी एका विषयात केला आणि गुण हातचे गेले.

आता खरी मेख ऐक. विषय आपणच निवडायचे असतात, त्यामुळे बरीच मुलं गणित सोडून देतात आणि पुढे विज्ञान शाखा घेताना तिथंच फसतात. तू गणित आणि विज्ञान दोन्ही घे. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. तू एप्रिल-मेचीच धर, निकाल साधारण जूनमध्ये येतो आणि अकरावीचे प्रवेश हाताशी असतात. २०२५-२६ पासून ते राज्यभर ऑनलाइन झालेत. ऑक्टोबरची दिलीस तर मधे रिकामं बसशील.

बारावी मात्र घरून करू नकोस, हे माझं मत. कृषीला सीईटी ही प्रवेश परीक्षा लागते, बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र किंवा गणित. प्रात्यक्षिकांना प्रयोगशाळा हवी, चष्म्याच्या काचेवर किती दिवस भागेल? शिवाय मुक्त विद्यालयातून पूर्ण बारावी करायची तर दहावीनंतर दोन वर्षांचं अंतर लागतंच, वेळही वाचत नाही. तालुक्याला मुलींचं शासकीय वसतिगृह असेल तर आत्ताच चौकशी कर, म्हणजे एसटीचा प्रश्नच मिटला.

पऱ्हाटी:

मास्तर, ताई, दोघांचेही आभार. बाबांना दोन्ही उत्तरं वाचून दाखवली. वसतिगृह म्हटल्यावर ते गप्प झाले, मग म्हणाले, "आईले उठता-बसता येऊ दे, मंग पाहू." नाही म्हणाले नाहीत. सोमवारी लेखी अर्ज घेऊन दोघं जातोय. मुक्त विद्यालयातूनच दहावी देते. एकच विचारते, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा घेतल्या तर चालतं का?

निंबोळी_बुलढाणा:

चालतं, दोनपर्यंत घेता येतात. इंग्रजी सोडू नकोसच, कृषीची पुढची पुस्तकं इंग्रजीतच आहेत. आणि सोमवारी बाबू काय म्हणाला ते इथंच कळव.