गोळ्या सोडायचा ‘आत्मविश्वास’ म्हणायचं का?

फोंडेकरीण: नमस्कार मंडळी, एका प्रश्नावलीचं मराठी करतेय. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल असल्या ओपिऑइड (अफूसारखं काम करणाऱ्या) पेनकिलरची सवय लागलेल्यांना विचारायचंय की जादा गोळी न घेता राहता येईल याची त्यांना स्वतःबद्दल किती खात्री वाटते. मूळ शब्द सेल्फ-एफिकसी, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुराने १९७७ मध्ये मांडलेला. आत्मविश्वास लिहू की स्वयंक्षमता? स्वयंक्षमता वाचून आमच्या डिचोलीचा ट्रक ड्रायव्हर पेन खाली ठेवून घरी जाईल हे मलाही कळतंय.

साखळीकार: आत्मविश्वास नको गो. जत्रेच्या नाटकात राजा करणाऱ्याला आत्मविश्वास ढीगभर असतो पण रात्री कंबर धरली की तोच गोळी शोधत फिरतो. इथे मोजायचंय ते एकच काम अमुक प्रसंगात जमेल की नाही, मग नाम कशाला हवं, सरळ ‘किती जमेल असं वाटतं’ विचार, ० म्हणजे मुळीच नाही आणि १०० म्हणजे नक्की. आणि ‘सोडाल का’ तर चुकूनसुद्धा नको, बाजूला बायको बसलेली असली तर माणूस ‘सोडणार म्हणजे सोडणार’ म्हणणारच, तो आकडा काय कामाचा? बांडुराचंही तेच सांगणं, ‘करीन’ नको, ‘करू शकेन’ विचारा.

बांबोळीवाला: काही वर्षं समुपदेशनात काढलीत म्हणून बोलतो. ‘जमेल’ला माझं मत. ड्रग टेकिंग कॉन्फिडन्स क्वेश्चनेअर म्हणून नशेपासून लांब राहायची खात्री मोजणारी प्रश्नावली आहे, त्यातही प्रसंगच आहेत, मोठ्यात ५०, छोट्यात ८: मन खट्टू आहे, भांडण झालंय, दोस्त आग्रह करतायत, तलफ आलीय, किंवा ‘एक घेऊन बघू, आपला कंट्रोल आहे’ (हा सगळ्यात बिलंदर). पण पेनकिलरमध्ये गोची अशी की दुखणं खरं असतं. नुसतं ‘गोळी न घेता’ लिहिलंस तर ऑपरेशन झालेला, डॉक्टरने लिहून दिलेली गोळी घेणारा माणूस काय उत्तर देणार? तिथे ‘लिहून दिल्यापेक्षा जास्त न घेता’ असंच हवं. ‘सोडणं’ही जपून वापर, लोक त्याचा अर्थ आजच बंद असा घेतात आणि मग जांभया, जुलाब, अंग मोडून येणं, नाकाडोळ्यांतून पाणी, दोन दिवसांत परत मेडिकलच्या दारात. डॉक्टर बऱ्याचदा हळूहळू कमी करत आणतात. आणि कोणी १०० लिहिलं म्हणून खुश होऊ नका, काही दिवस बंद ठेवली की अंगाची गोळी पचवायची सवय उतरते, मग जुना डोस एकदम घेतला तर श्वास बंद पडू शकतो, हे त्याला त्याच बैठकीत सांगायचं.

फोंडेकरीण: थँक्स दादा. मग हे कसं वाटतं: ‘चवथीला घर भरलेलं आहे, गणपतीवर फळाभाज्यांची माटोळी बांधून कंबर भरून आली आहे आणि खिशात गोळ्यांची पट्टी आहे. अशा वेळी लिहून दिल्यापेक्षा जास्त गोळी न घेता राहणं तुम्हांला किती जमेल?’

साखळीकार: माटोळी झकास. पण एकात तीन प्रश्न घातलेस, माणसं, कंबर आणि खिसा, त्याने ४० लिहिलं तर ते कशाचं समजायचं? तोडून तीन कर.

बांबोळीवाला: आणि पट्टी नको, लोकांना बँडेज वाटेल. स्ट्रिपच ठेव, मेडिकलवाल्याकडे सगळे तेच मागतात.